मेलेल्या सर्व्हरची किती वेळ वाट बघायची? टाइमआउट लावायला सुरुवात कुठून करायची

नवीन सर्व्हिस लाइव्ह करताना लोक एसएसएल बघतात, बॅकअप बघतात, लॉग कुठे जातायत ते बघतात, पण टाइमआउटच्या (किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं त्या मर्यादेच्या) जागी जे आधीपासून असतं तेच राहतं, आणि मग एखाद्या दिवशी मागचा एकच सर्व्हर बंद पडतो आणि अख्खी साइट अडकून बसते. बाकीचे दोन सर्व्हर ठणठणीत असतात तरी! असं का होतं आणि ते होऊ नये म्हणून कुठले आकडे लिहायचे हे ज्यांनी नुकतंच सर्व्हर सांभाळायला घेतलंय त्यांच्यासाठी लिहितोय. उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ, पुढे एनजिनएक्स (आलेल्या रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरना वाटून देणारा प्रोग्राम), त्याच्या मागे ॲपचे तीन सर्व्हर, आणि ॲप पुढे डेटाबेसशी आणि एका बाहेरच्या एसएमएस एपीआयशी बोलतं. एंडपॉइंट म्हणजे यातला कुठलाही पत्ता जिथे आपण रिक्वेस्ट पाठवून उत्तराची वाट बघतो.

पायरी 1: आधी प्रश्न वेगळे करा

"टाइमआउट किती ठेवू?" असा प्रश्न विचारला की उत्तर चुकणारच, कारण त्यात निदान चार वेगळे प्रश्न आहेत. कनेक्शन जोडायला किती वेळ द्यायचा, जोडल्यावर उत्तराची किती वाट बघायची, सगळं मिळून जास्तीत जास्त किती, आणि एंडपॉइंट मेलाय असं एकदा ठरवल्यावर त्याच्याकडे किती वेळ फिरकायचंच नाही. हा चौथा आकडा लोक विसरतात, किंवा दुसऱ्याशी त्याची गल्लत करतात. एनजिनएक्समधला फेल टाइमआउट हा तो चौथा आहे, पण नावामुळे वाटतं की सर्व्हर फेल झालाय हे कळायला लागणारा वेळ. तसं नाहीये. तिथे त्या एका आकड्याला दोन कामं आहेत, एवढ्या वेळात किती फेल झाले ते मोजायचं, आणि मोजणी मर्यादेपर्यंत गेली की तेवढाच वेळ त्या सर्व्हरला बाजूला ठेवायचं.

पायरी 2: आत्ता काय लिहिलंय ते बघा

एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट आणि प्रॉक्सी रीड टाइमआउट हे दोन्ही न लिहिल्यास 60 सेकंद असतात, मॅक्स फेल्स (किती फेल झाले की सर्व्हर बाजूला ठेवायचा) 1 आणि फेल टाइमआउट 10 सेकंद. एचएप्रॉक्सी (एनजिनएक्ससारखाच वाटणी करणारा प्रोग्राम) टाइमआउट न लिहिल्यास सुरू होताना चक्क वॉर्निंग देतो, ती वॉर्निंग दुर्लक्षित करू नका. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी तुम्ही टाइमआउट दिला नाही तर कधीच थांबत नाही. गो भाषेतला साधा एचटीटीपी क्लायंट पण तसाच, तिथे शून्य म्हणजे मर्यादा नाही, आणि जावास्क्रिप्टच्या ॲक्सिओस लायब्ररीमध्येही शून्याचा अर्थ तोच. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये स्टेटमेंट टाइमआउट (एका क्वेरीला किती वेळ द्यायचा) मुळात बंद असतो. म्हणजे एकतर मिनिटभर किंवा कायमचं. लायब्ररी लिहिणाऱ्यांना तुमचं काम माहीत नसतं, कुणाची तरी मोठी फाइल अर्ध्यात तुटू नये म्हणून ते सैल आकडा ठेवतात आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहे, पण तुमच्या लॉगिन पेजसाठी तो आकडा अजिबात बरोबर नाही.

टाइमआउट नसेल तर शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम थांबवेल असं काही जण म्हणतात. थांबवते, पण कधी? लिनक्सवर समोरून काहीच उत्तर आलं नाही तर कनेक्शनचा प्रयत्न सोडून द्यायला नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन मिनिटांहून जरा जास्त लागतात. आणि कनेक्शन आधीच जुळलेलं असेल, आपण रिक्वेस्ट पाठवली आणि तेवढ्यात समोरची मशीन गेली, तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पंधरा मिनिटांच्या आसपास पुन्हापुन्हा पाठवत राहतो. एवढा वेळ कुठला युजर थांबणारे?

पायरी 3: मरण्याचे प्रकार ओळखा

हे समजलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं म्हणून इथे जरा थांबू.

पहिला प्रकार, मशीन चालू आहे पण ॲपची प्रोसेस बंद पडलीये. अशा वेळी समोरचा कर्नल लगेच कनेक्शन नाकारतो, मिलिसेकंदात कळतं, टाइमआउटची वेळच येत नाही. नवीन लोक टेस्ट करताना हेच करतात, सर्व्हिस बंद करतात, एनजिनएक्स लगेच दुसऱ्या सर्व्हरकडे जातो, सगळं छान दिसतं, आणि मग वाटतं आपलं सेटअप पक्कं आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार आहे हो, याच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मशीनच गेली, वीज गेली किंवा फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून द्यायला सुरुवात केली. समोरून हो नाही आणि नाही पण नाही. इथे कनेक्ट टाइमआउट कामाला येतो.

तिसरा सगळ्यात वाईट. प्रोसेस जिवंत आहे पण लटकलीये, डेटाबेसच्या लॉकवर अडकलीये किंवा मेमरी संपत आल्यामुळे नुसती घुटमळतेय. कनेक्शन मात्र जुळतं, कारण ते ॲप नाही तर कर्नल स्वीकारतो आणि रांगेत ठेवतो. म्हणजे कनेक्ट टाइमआउट कितीही कडक ठेवला तरी याचा पत्ता लागत नाही, इथे फक्त रीड टाइमआउट वाचवतो.

पायरी 4: मोजा

आकडा डोक्यातून काढू नका. एनजिनएक्सच्या लॉग फॉरमॅटमध्ये (अपस्ट्रीम म्हणजे मागचे सर्व्हर) अपस्ट्रीम कनेक्ट टाइम, अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम आणि अपस्ट्रीम स्टेटस ही तीन व्हेरिएबल्स टाका आणि आठवडाभर राहू द्या, त्यात सोमवार सकाळ आणि महिन्याची एक तारीख आली तर उत्तमच. मग प्रत्येक यूआरएलसाठी वेगळं बघा की शंभरातल्या नव्याण्णव रिक्वेस्ट किती वेळात संपतात. सरासरी बघू नका, सरासरीत हळू चालणाऱ्या रिक्वेस्ट दिसतच नाहीत. लॉगिन 300 मिलिसेकंदात संपतं आणि महिन्याचा रिपोर्ट 25 सेकंद घेतो, हे दोन्ही एकाच सर्व्हरवर असतात आणि दोघांना एक आकडा लावला की एकाचं तरी नुकसान होणारच.

पायरी 5: कनेक्ट टाइमआउट

हा ठरवायला सोपा. कनेक्शन जुळायला एक फेरी (पॅकेट जाऊन उत्तर परत येणं) लागते, एकाच डेटा सेंटरमध्ये ती मिलिसेकंदाच्या आत होते, मग 60 सेकंद कशासाठी? पण अगदी 100 मिलिसेकंदावर पण आणू नका, कारण पहिलं पॅकेट वाटेत हरवलं तर लिनक्स ते 1 सेकंदाने परत पाठवतो, टाइमआउट त्याच्या आत असेल तर त्या दुसऱ्या प्रयत्नाला संधीच मिळत नाही. म्हणून आतल्या नेटवर्कसाठी 2 सेकंद हा चांगला आकडा, एकदा पॅकेट हरवलं तरी निभावतं.

बाहेरच्या एपीआयला अंतर मोजायला लागतं. सर्व्हर मुंबईत आणि एपीआय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर एका फेरीला साधारण 200 मिलिसेकंद धरा, एक फेरी टीसीपीची (मूळ कनेक्शनची), एन्क्रिप्शनसाठी जुन्या टीएलएस 1.2 च्या आणखी दोन, 1.3 असेल तर एक, म्हणजे रिक्वेस्ट निघण्याआधीच 400 ते 600 मिलिसेकंद गेले. तिथे 3 ते 5 सेकंद ठेवा. आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणं) विसरू नका! बऱ्याच लायब्ररींमध्ये नाव शोधण्याचा वेळ कनेक्ट टाइमआउटमध्ये धरत नाहीत, आणि लिनक्सचा रिझॉल्व्हर एका डीएनएस सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर 5 सेकंद थांबून मग पुढचा बघतो. 2 सेकंदांचा टाइमआउट लावूनही रिक्वेस्ट 5-6 सेकंद अडकतेय असं दिसलं तर सगळ्यात आधी डीएनएस तपासा.

पायरी 6: रीड टाइमआउट, आणि हा एवढा महत्त्वाचा का

आता एक हिशोब करू. समजा तुमच्या ॲपमध्ये 200 थ्रेड (एका वेळी एकेक रिक्वेस्ट हाताळणारे) आहेत आणि सेकंदाला 20 रिक्वेस्ट अशा येतात ज्यात एसएमएस पाठवावा लागतो. एसएमएस एपीआय नीट असताना 0.3 सेकंदात उत्तर देतो, म्हणजे एका वेळी 20 गुणिले 0.3, सहाच थ्रेड त्यात गुंतलेले, कुणाला कळतही नाही. आता तो एपीआय लटकला आणि तुमचा टाइमआउट 60 सेकंद आहे. सेकंदाला 20 थ्रेड जाऊन अडकतात, 10 सेकंदात 200 संपले, आणि ज्यांना एसएमएसशी काहीही देणंघेणं नाही, नुसतं होमपेज उघडायचंय, त्यांनाही जागा नाही. हाच टाइमआउट 2 सेकंद असता तर जास्तीत जास्त 40 थ्रेड गुंतले असते, 160 मोकळे राहिले असते, एसएमएस जाणार नाहीत पण साइट चालेल. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये रांगांबद्दल जो नियम सिद्ध केला तो हाच, एका वेळी आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. टाइमआउट ठरवताना हा गुणाकार प्रत्येक वेळी करून बघा, माझ्या मते याच्याइतका उपयोगी हिशोब या कामात दुसरा नाही.

मग आकडा किती? पायरी 4 मध्ये जो नव्याण्णव टक्क्यांचा वेळ निघाला त्याच्या दोन ते तीन पट घ्या, मग वरचा गुणाकार करून थ्रेड पुरतायत का ते बघा. पुरत नसतील तर टाइमआउट कमी करा किंवा त्या एपीआयला एका वेळी ठरावीक थ्रेडच वापरता येतील अशी मर्यादा घाला, उदाहरणार्थ 30. ही मर्यादा टाइमआउटपेक्षाही चांगलं काम करते कधीकधी.

एक खाचखळगा आहे, एनजिनएक्सचा रीड टाइमआउट असो की पायथन रिक्वेस्ट्सचा, तो पूर्ण उत्तरासाठी नसतो, दोन वाचनांमध्ये किती शांतता चालेल एवढाच असतो. समोरचा दर 50 सेकंदांनी एकेक बाइट टाकत बसला तर 60 सेकंदांचा टाइमआउट कधीच लागणार नाही. म्हणून एकूण वेळेची मर्यादा वेगळी लागते, गो मध्ये क्लायंटचा टाइमआउट फील्ड एकूण वेळेचाच आहे, पायथनमध्ये तुम्हाला स्वतः सोय करावी लागते.

पायरी 7: बाहेरचा मोठा, आतला लहान

ब्राउझर, एनजिनएक्स, ॲप, डेटाबेस, अशी साखळी आहे आणि प्रत्येकाचा आपापला टाइमआउट. आतल्याचा बाहेरच्यापेक्षा कमी पाहिजे. उलटं झालं, म्हणजे एनजिनएक्स 10 सेकंदांत 504 (वेळ संपल्याचा एरर) देऊन मोकळा झाला आणि डेटाबेसची क्वेरी 40 सेकंद चालणार असेल, तर युजर गेला, पण क्वेरी चालूच आहे, कुणासाठी चालतेय देव जाणे. युजर रिफ्रेश मारतो, दुसरी क्वेरी सुरू. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी घराघरांत लोक काय करतात ते आठवा, पेज उघडलं नाही की परत दाबा, परत दाबा. प्रत्येक दाबण्यामागे एक जुनी क्वेरी सोडून दिलेली असेल तर डेटाबेस कधी मोकळा होणार?

म्हणून वरून खाली वाटणी करा. मोबाइल ॲप 10 सेकंद थांबणार, तर एनजिनएक्स 8, ॲपचं एकूण 6, त्यात डेटाबेसला 3 आणि बाहेरच्या एपीआयला 2. लॉगमध्ये 499 स्टेटस खूप दिसत असेल तर वाटणी चुकलीये समजा, एनजिनएक्स हा आकडा तेव्हा लिहितो जेव्हा उत्तर तयार व्हायच्या आधीच समोरचा निघून गेलेला असतो.

पायरी 8: मेलेल्याला किती वेळ बाजूला ठेवायचं

आता तो चौथा आकडा. साधा एनजिनएक्स स्वतःहून जाऊन सर्व्हरची तब्येत तपासत नाही (ती सोय पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे), तो खऱ्या युजरची रिक्वेस्ट पाठवूनच बघतो. फेल टाइमआउटचे 10 सेकंद संपले की पुन्हा एका युजरला त्या मेलेल्या सर्व्हरकडे पाठवून बघणार. कनेक्ट टाइमआउट 60 असेल तर तो बिचारा मिनिटभर अडकला, आणि त्याहून वाईट म्हणजे पहिल्यांदा सर्व्हर गेला तेव्हा फेल नोंदवलं जायलाच 60 सेकंद लागतात, तेवढ्या वेळात दर तीनातली एक रिक्वेस्ट तिकडेच जात राहते. साइट का अडकली याचं उत्तर हेच. कनेक्ट 2 सेकंद केला की हे सगळं 2 सेकंदांवर येतं, फेल टाइमआउटला हातही न लावता.

मॅक्स फेल्स 1 हे मात्र मला फार कडक वाटतं. रिपोर्टची एक रिक्वेस्ट रीड टाइमआउट ओलांडून गेली की अख्खा सर्व्हर 10 सेकंद बाहेर, त्याचा भार उरलेल्या दोघांवर, मग तेही हळू होतात, मग तेही बाहेर, आणि लॉगमध्ये एकही जिवंत अपस्ट्रीम नाही असा एरर. रिपोर्टच्या यूआरएलला वेगळी लोकेशन (कॉन्फिगमधला त्या यूआरएलपुरता भाग) देऊन रीड टाइमआउट वाढवा आणि मॅक्स फेल्स 3 करा. पण ट्रॅफिक कमी असेल, मिनिटाला पाच-दहा रिक्वेस्ट, तर 10 सेकंदांत तीन फेल जमणं अवघड आणि मेलेला सर्व्हर वेळेत बाहेर जाणार नाही, तिथे 1 च ठेवा नाहीतर फेल टाइमआउट वाढवा. दोन्ही आकडे ट्रॅफिकशी जोडून बघावे लागतात.

अजून दोन गोष्टी. मागे एकच सर्व्हर असेल तर एनजिनएक्स हे दोन्ही आकडे वापरतच नाही, त्या सर्व्हरला तो कधी मेलेला ठरवत नाही. आणि ॲप 500 (सर्व्हरमध्येच बिघाड असा एरर) देत असेल तर तेही फेल धरलं जात नाही, प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीम या सेटिंगमध्ये तसं लिहावं लागतं. ज्याच्याकडे कनेक्शन कमी त्याला पाठवा असा नियम असेल तर हे फार महागात पडतं, कारण बिघडलेला सर्व्हर झटकन 500 देऊन रिकामा होतो आणि रिकामा दिसतो म्हणून त्यालाच जास्त रिक्वेस्ट मिळतात.

बाहेर ठेवायचा काळ कायम तेवढाच असावा असंही नाही. एन्व्हॉय या अशाच आणखी एका प्रोग्राममध्ये पहिल्यांदा 30 सेकंद बाहेर, दुसऱ्यांदा 60, असं दर वेळी वाढत 300 सेकंदांपर्यंत जातं, मला ही पद्धत जास्त पटते. क्षणभर अडखळलेला लवकर परत येतो आणि खरंच बिघडलेल्यापायी युजर वारंवार अडकत नाहीत. एचएप्रॉक्सी वापरत असाल तर सर्व्हरच्या ओळीत चेक लिहिल्यावर तो दर 2 सेकंदांनी स्वतः तपासतो, सलग 3 वेळा फेल झालं की बाहेर, 2 वेळा बरोबर आलं की परत आत. सुरुवातीला हे आकडे बदलायची गरज नाही.

पायरी 9: रिट्राय जपून

रिट्राय (फेल झाल्यावर आपोआप पुन्हा प्रयत्न) तीन थरांत लावला, प्रत्येक थरात तीन प्रयत्न, तर सगळ्यात खालच्या डेटाबेसवर एका क्लिकच्या 27 रिक्वेस्ट. आधीच दमलेल्या सर्व्हरवर! एकाच थरात ठेवा, एकदाच पुन्हा प्रयत्न करा, आणि मध्ये थोडा वेळ जाऊ द्या, तोही प्रत्येक वेळी थोडा वेगळा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येऊन आदळतात. एनजिनएक्समध्ये किती सर्व्हर बदलून बघायचे यावर मुळात मर्यादा नाही, प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीम ट्राइज 2 लिहा. पोस्ट रिक्वेस्ट (फॉर्मसारखी माहिती पाठवणारी) एकदा पाठवून झाली असेल तर 1.9.13 आवृत्तीपासून तो ती स्वतःहून दुसरीकडे पाठवत नाही, ते तसंच राहू द्या.

पैशांच्या बाबतीत तर टाइमआउट म्हणजे फेल असं धरूच नका. पेमेंट एपीआयने 5 सेकंदांत उत्तर दिलं नाही याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा होत नाही, कदाचित गेले आणि फक्त उत्तर पोचलं नाही. प्रत्येक व्यवहाराला आपला एक वेगळा क्रमांक द्या, टाइमआउट झाला तर आधी त्या क्रमांकाने स्टेटस विचारा, आणि युजरला "फेल" न दाखवता "तपासतोय" असं दाखवा. इथे रीड टाइमआउट मोठाच, गेटवेवाल्यांच्या कागदपत्रांत सांगितलेला ठेवायचा.

पायरी 10: सुरुवातीचे आकडे आणि टेस्ट

मोजायला अजून डेटाच नसेल तर यांच्यापासून सुरू करा. आतल्या नेटवर्कवर कनेक्ट 2 सेकंद, नेहमीच्या पेजला रीड 8 ते 10, रिपोर्ट आणि अपलोडला वेगळी लोकेशन आणि 60, पोस्टग्रेसला स्टेटमेंट टाइमआउट ॲपच्या युजरपुरता 3 ते 5 सेकंद (पूर्ण सर्व्हरला लावू नका, रात्रीची मोठी कामं अडकतील), बाहेरच्या एपीआयला कनेक्ट 3 आणि रीड 2 ते 5, ज्या क्लिकमध्ये बाहेरचा एपीआय येतो तिथे कनेक्ट आणि रीड मिळून किती होतं ते पायरी 7 च्या वाटणीत बसवायचं, आणि मॅक्स फेल्स 3, फेल टाइमआउट 10. आठवड्याने लॉग बघून बदला.

टेस्ट तिन्ही प्रकारांची करा, आणि टेस्टच्या सेटअपवर. सर्व्हिस बंद करून बघा, मग एका सर्व्हरवर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) ड्रॉपचा नियम टाकून बघा (रिजेक्ट नाही, रिजेक्टमध्ये लगेच नकार जातो), आणि मग ॲपच्या सगळ्या प्रोसेसना, वर्करसकट, स्टॉप सिग्नल द्या, डॉकर असेल तर कंटेनर पॉज करा, म्हणजे तिसरा प्रकार हुबेहूब होतो. प्रत्येक वेळी मागून सतत रिक्वेस्ट चालू ठेवा आणि घड्याळ लावून दोनच गोष्टी लिहून ठेवा, युजरला पहिला एरर किंवा उशीर दिसल्यापासून सगळं परत सुरळीत व्हायला किती वेळ लागला, आणि सर्व्हर परत चालू केल्यावर त्याला रिक्वेस्ट यायला किती वेळ लागला. तिसऱ्या प्रकारात पहिला आकडा तुमच्या रीड टाइमआउटच्या आसपास आला पाहिजे, त्याच्या दुप्पट-तिप्पट आला तर मध्ये कुठेतरी रिट्राय लपलेला आहे, तो शोधा. आणि कॉन्फिगमध्ये प्रत्येक आकड्याच्या वर एका ओळीची कमेंट टाका की हा कुठल्या मोजमापावरून आला आणि कधी, कारण सहा महिन्यांनी रिपोर्ट हळू झाला की कुणीतरी येऊन सरसकट सगळीकडे 300 लिहिणार असतो.